रायफलची खंडेनवमी

मला कुणी थांब म्हटलं की माझं डोकंच फिरतं. म्युनिकजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबातली ट्रेनर हेल्गा सारखी बजावायची, "कुमुदिनी, थोडे छर्रे मारले की रायफल खाली ठेव, खांदा मोकळा कर." मी कसली ऐकतेय! तासन्‌तास नेम धरायचे आणि घरी येऊन नवऱ्याकडून, राजनकडून, खांद्याला, कोपराला तेल चोळून घ्यायचे.

खंडेनवमीला पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी घरातल्या सुऱ्या-कात्र्यांबरोबर माझ्या एअर रायफललाही कुंकू लावून तिची पूजा केली. मी सरावाला निघाले, तर म्हणाल्या, "अगं, पूजेतलं शस्त्र दिवसभर उचलायचं नसतं. आज त्यालाही सुट्टी, तुलाही."

त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? चरफडत घरी बसले. दसऱ्याला क्लबात गेले, तर खांदा पिसासारखा हलका आणि छर्रे थेट मधोमध!

सोबत आलेल्या सासूबाईंनी हेल्गाला कारण सांगितलं आणि कुंकवाची डबीच देऊन टाकली.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हेल्गा खूश झाली.

आता बराच वेळ झाला तरी मी रायफल खाली ठेवली नाही, की ती शांतपणे डबी उघडते. तिचं बोट कुंकवात बुडायच्या आत मी खांदे फिरवायला लागते.