धरणाखाली राहणारे

म्हाताऱ्याने दारात चपलांचे चार जोड मांडले, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि लहान मुलांचे जोड मुद्दाम वाकडेतिकडे केले. मुलांच्या चपला कधी सरळ असतात का?

धरण त्याच्याच मालकीचं, शेताच्या पाण्यापुरतं. मागच्या तपासणीत भिंतीखाली कुणी राहत नाही म्हणून ते ‘कमी धोक्याचं’ ठरलं होतं. कमी धोका म्हणजे तपासणी दहा वर्षांतून एकदा. खाली वस्ती असली तर दरवर्षी. बाकीचे मालक कटकट नको म्हणून खालची घरं लपवतात. याची तऱ्हाच उलटी. मुलगा परदेशी जाऊन बसलेला. बायको गेल्यावर गावातलं घर सोडून हा भिंतीखालच्या पंपाच्या खोल्यांत राहायला आला होता, आणि वर्षातून एकदा तरी कुणीतरी हक्काने दाराशी यावं एवढंच त्याला हवं होतं. पुढच्या दहा वर्षांचा भरवसा कोण देणार?

तपासणीला आलेली इंजिनीयर मुलगी भिंतीवरून चालली, सांडव्यात उतरली, पायथ्याचा पाझर पाहिला आणि फॉर्म घेऊन ओट्यावर बसली. खाली किती जण राहतात, असं तिने विचारलं. चार, तो म्हणाला. मुलगा, सून, दोन नातवंडं बाहेर गेलीत, येतील संध्याकाळी.

नातवंडं कितवीत आहेत, हे तिने सहजच विचारलं. म्हाताऱ्याला सांगता येईना. धाकट्याला त्याने रांगताना पाहिलं होतं, त्यानंतर नाहीच. त्याची मान खाली गेली.

“काका, नसलेली माणसं मला लिहिता येत नाहीत.”

“म्हणजे आता दहा वर्षांनी याल.”

“तुम्ही राहता ना इथे?”

“मी काय, एकटाच.”

“एक माणूस असला तरी धोक्याचा वरचा वर्ग लागतो. दरवर्षी यावं लागेल.”

“एकटा चालतो?”

“चालतो.”

आपण स्वतःला मोजायचंच विसरलो, याचं त्याला हसू आलं. सांडवा रुंद करावा लागेल, खर्च येईल, असं ती बजावत होती. तो नुसती मान डोलावत होता. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग तिने फॉर्म उलटला. धरणाला धोका दिसला तर खाली राहणाऱ्याला फोन कोण करणार?

“मालक. म्हणजे मीच.”

“आणि फोन उचलणार कोण?”

“तोही मीच.”

ती हसली नाही. दोन माणसं वेगळी लागतात, म्हणाली; तुम्हाला वेळेला फोन करेल असं जवळपासचं कुणीही चालेल, त्याचा नंबर द्या.

म्हाताऱ्याने खिशातून मोबाईल काढला. नावं वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिली. ती पेन धरून थांबली होती.

“एवढी ओळ पुढच्या वर्षी भरली तर चालेल का?” त्याने विचारलं.