प्रवाळांवरचे दिवे

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तो शिडीवर होता. तिच्या प्रवाळांच्या भल्यामोठ्या टाकीवर नवे दिवे टांगायला छतात हूक बसवत होता. काम तिथेच थांबलं.

पुढच्या आठवड्यात मेहुण्याने न विचारता टाकीच्या काठांवर फळी टाकली, तिला दिवे बांधले आणि पूर्ण उजेड सोडला. प्रवाळ पांढरेफटक पडले.

"ताईसाठीच केलं, दाजी. अंधारात मरतील वाटलं."

"तुझी ताई नवे दिवे उंच टांगून मंद ठेवायची, मग हळूहळू खाली आणायची. कधी विचारलंस तिला? मोठा आला ताईवाला. धर शिडी."

मेहुण्याने शिडी धरली. तो स्वतः ड्रिल घेऊन वर चढला, पण रागाने अंगाचा तिळपापड होत होता, एकही भोक सरळ पडेना. तो खाली उतरला.

फळीवरून सोडवलेले दिवे जमिनीवर आहेत. छतातले दोन हूक अजून बसवायचे राहिलेत.