घरचा अभ्यास

दूधगाडीच्या मागच्या फळीवरून आईने आधी मुलीला उतरवलं, मग दप्तर, आणि शेवटी स्वतः उडी मारली.

"बारा वाजता परत निघतो," गाडीवाल्याने बजावलं. "नंतर आपल्या बाजूला काही जात नाही."

गावची शाळा पट कमी म्हणून बंद झाली होती. आता चार गावांची मुलं या दुमजली शाळेत येणार होती. डॉक्टरांची जुळी मोटारीतून उतरून, प्रवेश घेऊन मोकळीही झाली होती.

मुख्याध्यापिका बाईंनी नवा अर्ज समोर ओढला.

"वडील काय करतात?"

"मेंढपाळ आहेत. शाळेत गेले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"दुसरीपर्यंत. रोपवाटिकेत आहे, पिशव्या भरते." आईने नखांतली माती मुठीत लपवली.

"घरी अभ्यास कोण घेतं?"

"कुणी नाही."

"मग हिला दुपारच्या तुकडीत घेऊ. घरून मदत नसलेल्यांकडे तिथे जास्त लक्ष देता येतं. साडेपाचला सुटते."

बाई भल्यासाठीच म्हणत होत्या. पण साडेपाचला गाडी कुठली? आई शब्द जुळवत होती, तेवढ्यात मुलगी म्हणाली,

"बाई, अभ्यास मी घेते."

"स्वतःचा?"

"आईचा. रोज. आता तिला चौथीचं पुस्तक लावलंय. बाबा आले की त्यांचाही घेते, पण ते वाचायला बसले की त्यांना मेंढरं आठवतात."

"अहो, पोरीचा खेळ आहे तो," आई कानापर्यंत लाल झाली.

बाईंनी पेन ठेवलं. कपाटातून चौथीचं पुस्तक काढून, मधलंच एक पान उघडून त्यांनी आईपुढे सरकवलं.

आईने ओळीखाली बोट धरलं. एकेक शब्द सुटत गेला. तिसऱ्या ओळीत एका जोडाक्षरापाशी ती अडली. मुलगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"सांग की तिला," बाई हळूच म्हणाल्या.

"नको. तिला येतं ते. जरा वेळ लागतो."

आणि आईला आलं. बाईंचं लक्ष मात्र पुस्तकाकडे नव्हतं. त्या मुलीकडे बघत होत्या.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही एवढा धीर नव्हता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. 'सकाळची तुकडी' असं लिहून त्या घरच्या अभ्यासाच्या रिकाम्या रकान्याकडे वळल्या. जरा थांबल्या आणि तिथे लिहिलं, 'दोघी, एकमेकींचा.'

मुलीने ते उलट्या बाजूने वाचलं आणि खुदकन हसली. आईला कोपराने ढोसलं.

पुस्तकासाठी बाईंनी हात पुढे केला. आईचं लक्ष नव्हतं, ती पुढच्या पानावर गेली होती. बाईंनी हात मागे घेतला आणि दाराकडे बघून पुढच्या मुलाला हाक मारली.