बादशाची मथाटी

मार्गासनीच्या रत्नाला दागिने घडवायचा नाद होता, पण सोन्याशी तिचा संबंध मंगळसूत्रातल्या दोन वाट्यांपुरताच. तिचं सगळं काम कवड्या, काचमणी, रेशमी दोरा आणि पितळी घुंगरं यांतलं. भातलावणीच्या दिवसांत सकाळभर खाचरात वाकायचं, दुपारी हातपाय धुऊन पडवीत मणी ओवायला बसायचं. नखांतला चिखल पुरता निघाल्याशिवाय पांढऱ्या मण्याला हात लावायचा नाही, हा तिचा नियम.

घरात मोबाईलला रेंज नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर रस्त्यावरच्या ST थांब्याशी जावं लागे. "व्हय ताई, निळ्यात पन हाय, फोटू टाकते," असं ती तिथं उभी राहून सांगत असे, आणि तेवढ्यात गाडी येऊन थांबली की कंडक्टरला हातानंच 'जावा, जावा' करत असे. कंडक्टर चिडायचा. एकदा तर त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, तुमी कदी जानार तरी हाय का कुठं?"

पार्सलं पोचवायचं काम नवऱ्याचं. इंद्रजित दुधाचा टेम्पो चालवायचा, आणि नसरापूर, कापूरहोळ, भोर असं जाता-येता बायकोचे दागिने ज्याचे त्याला देऊन यायचा.

त्या आषाढात रत्नाकडे दोन कामं एकदम आली. एक भोरच्या मैथिलीताईंचं. त्या शाळेत शिक्षिका. महिला मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, माईक त्यांच्याच हातात. मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांना हार आणि झुमके हवे होते. "काहीतरी वेगळं करा रत्नाताई, आपल्या मातीतलं," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या होत्या. रत्नानं बारीक कवड्यांचा नाजूक, गळ्याबरोबर बसणारा हार केला आणि त्याच जोडीचे झुमके.

दुसरं काम शेजारच्या सोनबानानांचं. त्यांचा बैल बादशा. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्याच्या कपाळावर बांधायला नानांना मथाटी हवी होती, आणि तीही बाजारातली नायलॉनची नको, हातची हवी. रत्नानं लाल लोकरीचा रुंद पट्टा विणला, त्यावर मोठ्या कवड्या आणि आरसे जडवले, खाली घुंगरं सोडली आणि दोन्ही टोकांना मुठीएवढे गोंडे लावले.

दोन्ही वस्तू मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत घालून तिनं पडवीतल्या बाजेवर ठेवल्या आणि ती लावणीला गेली. मागे घरात सासूबाई, फुलाबाई. इंद्रजित घाईत आला आणि विचारू लागला, "आई, भोरचा डबा कंचा?" फुलाबाईंनी दोन्ही झाकणं उघडून पाहिली. एकात इवलासा हार. दुसऱ्यात घुंगरं, आरसे, गोंडे, नुसता झगमगाट! त्यांनी पोक्त विचार केला. भोरची बाई, शिकलेली, माईकवर बोलणारी. तिला एवढुसा हार कसा शोभंल? आणि सोनबा तर पहिल्यापासून चिक्कू. त्यानं बैलाला सांगून सांगून एवढंच सांगितलं असणार.

"ह्यो घे," म्हणत त्यांनी मोठा खोका लेकाच्या हातात दिला आणि छोटा स्वतः नेऊन सोनबानानांच्या ओट्यावर ठेवून आल्या. संध्याकाळी रत्नानं विचारलं, "आत्याबाई, गेलं का समदं?" तर त्या समाधानानं म्हणाल्या, "ज्याचं त्याला गेलं."

बेंदूर आणि मंडळाचा वर्धापनदिन एकाच दिवशी आले होते. पुरण शिजलं, आणि वेलदोडे संपल्याचं रत्नाच्या ध्यानात आलं. ती थांब्याजवळच्या दुकानात गेली. तिथं रेंज येताच मोबाईल टुणटुणला. मैथिलीताईंचा फोटो! जांभळी पैठणी, केसांत गजरा, आणि गळ्यात बादशाची मथाटी. दोन खांद्यांवर दोन गोंडे. खाली लिहिलं होतं, 'अप्रतिम! असं काही भोरमध्ये कुणी पाहिलेलंच नाही.'

वेलदोडे तिथंच विसरून रत्ना तडक सोनबानानांच्या गोठ्याकडे पळाली.

बादशा धुऊनपुसून उभा होता. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. कपाळाच्या मधोमध मैथिलीताईंचा नाजूक हार, आणि दोन शिंगांच्या टोकांना दोऱ्यानं बांधलेले दोन झुमके. बादशानं मान हलवली की झुमके हिंदकळायचे. ते त्याला आवडलं असावं, कारण तो उगाचच मान हलवत होता.

"ये सूनबाई!" नानांचे डोळे भरून आले होते. "आगं, म्या मथाटी सांगितली, तू कानातली पन केलीस! आजवर ह्या गावात कुन्या बैलाला कानातली केली न्हाईत कुनी."

"नाना, ते... जरा चुकलंया. ते दुसऱ्याचं हाय. हार सोडून द्या मला."

"सोडू?" नानांनी एकदम बादशाच्या मानेला मिठी मारली. "सनाच्या दिशी जनावराच्या अंगावरचं उतरवत्यात व्हय? आपशकून हाय त्यो. मिरवनूक झाल्याबिगर म्या न्हाई दोऱ्याला हात लावायचा."

हार हाती लागणार नव्हता. पण भोरच्या बाईंना खरं काय ते सांगायला तरी हवं होतं. रत्ना तशीच घरी आली, इंद्रजितला जेवणावरून उठवलं आणि टेम्पोत बसली. कापूरहोळपर्यंत ती सासूच्या नावानं बोटं मोडत होती. पुढं माफी कुठल्या शब्दांत मागायची ते मनात जुळवू लागली.

"येवडं मनाला लावून घेऊ नगंस," इंद्रजित म्हणाला. "बैलाचं हाय हे त्यांना कुठं कळतंय?"

"आन कुनी वळखलं म्हंजी? भोरात समदी काय आभाळातनं पडल्यात? निम्म्या बायकांची म्हायेरं आपल्याच बाजूची."

हॉलवर पोचली तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. मैथिलीताई माईकवर होत्या. डावीकडे पाहिलं की छुम, उजवीकडे पाहिलं की छुम. "आजच्या अध्यक्षा," छुम, "यांचं मी," छुम छुम, "स्वागत करते." बायका माना उंचावून उंचावून बघत होत्या. अध्यक्षाबाईंचं तर भाषणाच्या कागदाकडे लक्षच नव्हतं.

रत्ना दाराशी चोरासारखी उभी राहिली. आभार झाले की हळूच बाजूला घेऊन सांगू, असा तिचा विचार. पण मैथिलीताईंची नजर पडायची ती पडलीच.

"अरे वा! मैत्रिणींनो, मघापासून तुम्ही मला ज्याबद्दल विचारताय ना, ते घडवणारे हात इथंच आहेत. या रत्नाताई, या, लाजू नका!"

टाळ्या पडल्या. दोन बायकांनी रत्नाला दंडाला धरून व्यासपीठावर चढवलं. पायांना घोट्यापर्यंत गोठ्यापुढचा वाळका चिखल, साडीला पुरणाचा हात पुसलेला. मैथिलीताईंनी तिच्या तोंडापुढं माईक धरला.

"सांगा सगळ्यांना. या दागिन्याला काय म्हणतात?"

रत्ना म्हणाली, "मथाटी."

"मथाटी!" मैथिलीताईंनी तो शब्द असा उच्चारला, की पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी तो पुटपुटून पाहिला. "म्हणजे माथ्यावर बांधायची का? बघा, मी गळ्यात घातली!" आणि रत्ना 'ताई, नगा' म्हणेपर्यंत त्यांनी ती सोडून कपाळावर बांधलीसुद्धा. घुंगरं भुवयांवर, गोंडे कानांवर. "अशी ना? आणि पूर्वी कुठल्या घराण्यातल्या स्त्रिया ही वापरत?"

मागच्या रांगेत नलूआजी म्हणून एक म्हातारी बसली होती, हिर्डोशी या खेड्यातलं माहेर असलेली. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. रत्नानं ते पाहिलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि तिला ते जमतही नव्हतं.

"बाया न्हाई वापरत, ताई," ती माईकमध्ये म्हणाली. "बैल वापरत्यात."

"कोण?"

"बैल. आज बेंदूर हाय. ही आमच्या सोनबानानांच्या बादशाची. डबं बदललं. चूक आमच्या घरची, ताई, पाया पडते."

नलूआजीला आता पदरही आवरेना. ती खुर्चीतच आडवी झाली. बाकीच्या बायका मैथिलीताईंच्या तोंडाकडे बघत होत्या. हसावं की नाही, कुणाला कळेना. मैथिलीताईंचा चेहरा पैठणीच्या रंगावर गेला. त्यांनी मथाटीला हात लावला, आणि घुंगरं वाजली.

"आणि माझा हार?"

"बादशाच्या कपाळावर."

"झुमके?"

"शिंगांना."

मैथिलीताईंनी खालच्या आवाजात विचारलं, पण माईक चालूच होता. "त्याला कसे दिसतात?"

"लई शोभत्यात," रत्नाच्या तोंडून निघून गेलं. मग जीभ चावून ती घाईनं म्हणाली, "तुमच्याएवडं न्हाई, पन शोभत्यात."

आधी मैथिलीताईच हसल्या. घुंगरांसकट हसल्या. मग सबंध हॉल फुटला. अध्यक्षाबाईंनी भाषण गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. आता कोण ऐकणार होतं?

कार्यक्रम संपल्यावर मैथिलीताई मागेच लागल्या. "मला त्याला बघायचंय." पैठणी सावरत त्या टेम्पोत पुढं बसल्या, मधे रत्ना, आणि मागे दुधाच्या कॅनवर बसायचा हट्ट धरून नलूआजी. इंद्रजितनं हात जोडले तेव्हा ती पुढं आली, आणि रत्ना कॅनवर गेली.

मार्गासनीत मिरवणूक नुकतीच देवळाशी आली होती. बादशा सगळ्यांत पुढं. पोरं झुमके बघायला शिंगांखाली उड्या मारत होती. मैथिलीताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मथाटी पुन्हा गळ्यात. बादशानं त्यांना हुंगलं, एक गोंडा तोंडात घेतला आणि शांतपणे चावला.

"वळीखलं!" सोनबानाना ओरडले. "आपली वस्तू वळीखली गड्यानं!" मग मथाटीकडे त्यांनी नीट पाहिलं, चारी बाजूंनी पाहिलं. "बाई, येक सांगू? ही चांगली हाय. पन माज्या बादशाला जरा भडक व्हईल. तुमालाच ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण माझा हार?"

"त्यो हितं बसलाय की आता."

मैथिलीताईंनी बादशाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, झुमके हिंदकळले. त्यांनी मोठा श्वास सोडला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्याइतक्या ऐटीत मला नसता घालता आला."

फुलाबाई घरातून पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. पाहुणीच्या गळ्यातली मथाटी पाहून त्यांचा चेहरा उजळला. "म्या म्हनलंच व्हतं," त्या रत्नाला म्हणाल्या, "शेराच्या बाईला हेच शोभनार." चावलेला गोंडा सोडवून, पिळून तो पुन्हा नीट ओवायला रत्ना देवळाच्या पायरीवर बसली होती. एवढ्यात सोनबानाना हळूच तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"सूनबाई," त्यांनी इकडंतिकडं बघत विचारलं, "पुडल्या वर्साला चारी पायांत पैंजन व्हत्याल का गं?"

रत्नानं दोऱ्याचं रीळ उचललं आणि बादशाच्या पायाचं माप घ्यायला उठली.