नदीकडच्या टोकाची बाई

मायाबाईंच्या पत्राला मधुकररावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलेलं नाही हे ते एक दिवसही विसरले नव्हते. पत्र आलं पावसाळ्यात. आता संक्रांतही होऊन गेली होती. मनीषनगरच्या घरात त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात ते पाकीट होतं, आणि तिकडे पुस्तक काढायला जाणंही त्यांनी कमी केलं होतं.

"मधुकरदादा, जय भीम," मायाबाईंनी लिहिलं होतं. "मी जन्मली अन् माय गेली, हे तुमाले ठाऊकच आहे. तिचा एकही फोटो घरात नाही. माझ्या नातवानं, संघपालनं, नागपूरच्या महालातल्या एका जुन्या फोटोवाल्याकडून आपल्या गावच्या फोटोची निगेटिव्ह शोधून हे चित्र काढून आणलं. यात माझी माय कोणती, ते सांगा. गावातले मारोतराव होते, तेही गेले. तो दिवस पाहिलेले आता तुमीच उरले. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसून राहिलं. मायले एकदा पाहू द्या."

फोटो होता छप्पन सालचा, खाप्याच्या पलीकडच्या त्यांच्या गावातला. नागपूरला दीक्षा घेऊन लोक परतले होते आणि त्याच पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांनी एकत्र फोटो काढून घेतला होता. पुढे पुरुष बसलेले, मागे बायांची रांग. त्यांचे फक्त चेहरे नि खांदे दिसत होते. मागे एक मोठी चादर बांधलेली, त्यामुळे झाड नाही, घर नाही, काही ओळखीचं नाही. पांढऱ्या लुगड्यांत साऱ्याजणी सारख्या. रांगेच्या दोन टोकांना दोन तरुण बाया. एक मायाबाईंची आई गिरजा, दुसरी तिची जाऊ ठमा. ठमा पुढच्याच वर्षी नवऱ्याबरोबर भिलाईला गेली ती परत आली नाही. मायाबाईंनी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

मधुकर तेव्हा आठ वर्षांचा होता. लाजून तो फोटोत उभा राहिलाच नाही; फोटोवाल्याच्या पाठीमागे लपून सगळं बघत होता. गिरजाकाकू त्याच्या उजव्या हाताला, नदीच्या बाजूला उभी होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तिचे दिवस भरत आले होते. फोटोवाल्याने वेळ लावला तशी ती मधूनमधून तिथल्या दगडावर टेकत होती आणि बाया तिला हसत होत्या.

पण फोटोतली उजव्या टोकाची बाई गिरजाकाकू वाटत नव्हती. ते रुंद कपाळ, भाजलेल्या हरभऱ्याचा हुळा हातावर ठेवताना ओठ दाबून हसायची ती सवय, हे सारं डाव्या टोकाच्या बाईत दिसत होतं. डोळे एक सांगत, आठवण दुसरं. आणि मधुकररावांचा स्वतःवर भरवसा कधीच नव्हता. नोकरीभर ग्रंथालयात बसूनही कोणी पुस्तकाचं नाव विचारलं की ते आधी तपासून यायचे. इथे तपासायला कुठे जाणार? चुकलो तर माया परक्या बाईला भिंतीवर लावील, रोज तिच्यापुढे मेणबत्ती लावील. शेवटपर्यंत.

त्या दिवशी त्यांनी भिंग लावून फोटो पुन्हा काढला तेव्हा प्रेमिलाबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"किती दिवस पाहान जी त्या बायाईले? मी जिवंत आहो ना अजून," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मस्करी नको गं. माझं डोकंच चालत नाही आता."

"ते कधी चालत होतं?" त्यांनी हात पुसून फोटो घेतला. "हे पुढं बसले ते मामाजी ना? पाटीलपुऱ्यातून मागून आणलेला पेन लावून? लिहाले येत नव्हतं, पण फोटोत पेन पाहिजे." त्या हसल्या, मग थांबल्या. "पण पेन या अंगाले काहून आहे?"

"कोणत्या?"

"उजव्या. मामाजींचा खिसा कधी उजवीकडं होता? अन् हे पाहा, याचाबी खिसा उजवीकडं. याचाबी. सारा गावच उलटा शिवून घेतला का जी शिंप्यानं?"

मधुकररावांनी फोटो परत घेतला. ते उठले, बेसिनच्या आरशासमोर गेले आणि फोटो छातीपाशी धरून उभे राहिले. आरशात वडिलांचा पेन डाव्या खिशात आला. साऱ्यांचे खिसे डावीकडे आले. आणि रुंद कपाळाची, ओठ दाबलेली ती बाई उजव्या टोकाला, नदीकडे जाऊन उभी राहिली. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली होती, एवढंच. त्यांचे डोळेही चुकले नव्हते, आठवणही नाही.

त्यांना हसू आलं नाही. इतके महिने एक म्हातारी बाई टपालाची वाट बघत होती, आणि ते स्वतःवर शंका घेत बसले होते. फोटोवर शंका घ्यावी, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"सापडली का?" प्रेमिलाबाईंनी बाहेरून विचारलं.

"सापडली," ते म्हणाले.

दुपारी ते लिहायला बसले. "डाव्या टोकाची, ती बहुधा तुझी माय" असं लिहून त्यांनी वाचून दाखवलं.

"बहुधा?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "माय काय बहुधा राहते का जी?"

त्यांनी दुसरा कागद घेतला.

"माया, जय भीम. तुझ्याजवळच्या फोटोत डाव्या टोकाला उभी आहे ती गिरजाकाकू, तुझी माय. प्रत उलटी निघाली आहे. संघपालला सरळ काढून आणायला सांग, मग ती उजवीकडे येईल. तिथेच ती उभी होती, मी पाहिलं आहे. दुसरं असं, की तेव्हा तू तिच्या पोटात होतीस. म्हणजे मायलेकींचा एकत्र फोटो तुझ्याकडे आहे. उत्तराला फार उशीर झाला. दादा."

संध्याकाळी दोघं टपालपेटीपर्यंत चालत गेली. मधुकररावांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला, पाकीट आत सोडलं, आणि वाकून फटीतून आत पाहू लागले.

"पडलं जी," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "चला आता."