लाल दिव्याच्या मागं

ते सायकलीचे दिवे आणले त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हे काही खरं नाई. पण आमच्या घरी माह्या बोलण्याले कोण विचारते? माहा नवरा गोकुळ सोनाळ्याच्या बाजारातून दोन जोड्या घेऊन आला. पुढं पांढरा, मागं लाल, रबराच्या पट्ट्यानं सायकलीले अडकवायचे. हातात धरून असा दाखवे जसा काई सोनाराकडून आला.

"मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतेत," म्हणे. "आता तुम्हा मायलेकीले अंधाराचं भेव नाई."

भेव तं होतंच, खोटं काऊन बोलू? मी सोनाळ्याले संत्र्याच्या शेडात जाते, संत्री निवडते अन् क्रेटात भरते. माही लेक मनाली तिथंच कॉलेजात आहे. कॉलेज सुटलं का शाळेच्या ग्राउंडवर पोलीसभरतीसाठी पळत राह्यते. माहं काम सुटलं का दोघी सायकलीनं घरी येतो. हिवाळ्यात दिवस लवकर बुडते, अन् आमच्या गावाचा रस्ता पहाडाच्या कडेकडेनं जाते. कधी अस्वल दिसलं, कधी रानडुकरं आडवी गेली, रोज कोणी ना कोणी सांगतेच.

दिवे पाह्यले तं अंगणातच कळलं काय माल आहे तो. मनालीनं पांढरा दिवा लावून गल्लीत एक चक्कर मारली अन् हसत हसत परत आली. "आई, यानं मले माहंच चाक दिसून राह्यलं, रस्ता नाई." दुसऱ्या दिवशी पट्टा ढिला होऊन दिवा खाली लटकला अन् सगळ्या वाटेनं माह्या पायाले उजेड दाखवत आला. चार्जिंग म्हणाल तं रातभर लावा अन् नाल्याच्या अलीकडंच मान टाकते. गोकुळले सांगतलं तं म्हणे, "एवढ्या पैशात सूर्य येते का?"

पण लाल दिवा मात्र लय भारी निघाला. भकभक भकभक करे, अन् पार दूरून दिसे. मंग आम्ही तोड काढली. त्यातल्या त्यात बरा पांढरा दिवा माह्या सायकलीले, मी पुढं. मनाली मागं. मी तिले सांगून ठेवलं, "तू काही पाहू नको. माह्या लाल दिव्याच्या मागं मागं ये. तो दिसते तोवर रस्ता बरोबर आहे." पोरगी गुणाची, तसंच करे.

त्या लाल दिव्याचं गावातही नाव झालं. नाल्याजवळ शेषराव काकाचं वावर आहे, मोठे कास्तकार, गावात त्यांच्या शब्दाले मान. त्यांच्या मक्यात रानडुकरं शिरत. काकांनी बाजारातले होते नव्हते तेवढे लाल दिवे उचलले अन् वावराच्या कडेले, धुऱ्यावरच्या खुंट्यायले बांधले. डुकराले भकभक उजेडाचं भेव वाटते म्हणे. पाहता पाहता सगळ्यायनं तेच केलं. सायकली अंधारातच, अन् धुरे चमकून राह्यले. मनाली म्हणे, "आता डुकरं बाजारात जातीन अन् आपल्यासाठी पांढरे घेऊन येतीन." मी लय हसली होती.

दुसरी एक गोष्ट होती, तिच्यावर कोणी हसत नव्हतं, अन् बोलतही नव्हतं. काकांच्या वावराभोवती तार आहे, तिचं झटका मशीन बिघडलं होतं. ते मशीन चांगलं, डुकराले नुसता चटका देते. ते बिघडल्यापासून काकांनी तारेत खांबावरूनच आकडा टाकून सरळ करंट सोडला. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा राह्यते, एक आठवडा रातची. तिच्यासाठी कोण जागत बसन? सगळ्यायच्या मोटारी ऑटोवर. माणूस घरी गोधडीत, अन् लाईट आली का मोटार आपोआप सुरू. काकाची तारही तशीच, आपोआप. जनावर मरो नाईतर माणूस मरो, तिले काय माहीत. मले हे ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाले कोण बोलणार, अन् आपण काय त्या वावरात जातो, असं म्हणून मी गप्प राह्यली.

त्या दिवशी शेडात ट्रक भरायचा होता, निघाले उशीर झाला. आभाळ भरलेलं, चांदणी नाई. मनालीनं तिचा पांढरा दिवा चार्जिंगले लावलाच नव्हता, तो लागेच ना. मी तिच्यावर जे सुरू झाली ते सुरूच झाली. "अभ्यासाचं ध्यान नाई, दिव्याचं ध्यान नाई, पोलीस होऊन चोर पकडशीन का चोराले आपलाच पत्ता देशीन?" पोरीनं सायकल घेतली अन् माह्या मागं लागली.

नाल्यावर एक मोठा खड्डा आहे. सायकल धाडकन आदळली, माहे दात वाजले. नाल्याच्या पुढं सडक डाव्या हातानं वळते. सरळ जाते ती बैलगाडीची वाट, काकाच्या मक्याले. मी वळली, अन् तोंड चालूच. सकाळी लवकर उठ म्हटलं, बापाले एक शब्द सांगू नको म्हटलं, मीच सांगते. मागून हाव नाई का हूं नाई. मले वाटलं, फुगून बसली. फुगू दे म्हटलं.

लय पुढं गेल्यावर मले ते चुप्प बसणं बरं वाटेना. तिच्या सायकलीची चेन खडखड करे, तीही ऐकू येईना. मी थांबली अन् मागं पाह्यलं. काहीच नाई. नुसता अंधार.

"मनू," मी म्हटलं. मंग जोरात म्हटलं. पहाडाकडून माहाच आवाज परत आला. मी सीटखाली हात घातला, दिवा चाचपाले. दिवा नव्हता. रबराचा तुटका तुकडा हाती आला.

नाल्यावर आदळली तवाच तो पडला असन. माह्या पाठीमागं उजेड आहे का नाई, हे मले कसं दिसणार? अन् पोरीले समोर अंधार. ती मागं पडली असन, मी वळली ते तिले ना दिसलं असन, ना ऐकू आलं असन. तिनं मान वर करून पाह्यलं असन अन् तिले सरळ समोर काकाच्या धुऱ्यावरचा लाल दिवा दिसला असन, तस्साच, भकभक भकभक. आईनं सांगतलं होतं, लाल दिव्याच्या मागं ये.

सायकल कशी वळवली मले आठवत नाई. घरचा चांगला मोबाईल गोकुळजवळ राह्यते, माह्याजवळ साधा डबा. त्याले नाल्याजवळ रेंज नाई. त्याची बॅटरी लावून तोंडात धरली अन् पायडल मारत सुटली. देवाचं नाव घेत होती का लाईटवाल्याले विनवत होती, ते देवालेच ठाऊक. नको येऊ, आता नको येऊ, मनात एवढंच म्हणून राह्यली होती. हा आठवडा रातच्या लाईटचा होता. पण ती कधी वेळेवर येते, कधी आधी येते, कधी येतच नाई.

गाडीवाटेच्या तोंडाशी सायकल टाकली अन् पळाली. समोर खुंट्यायवर ते लाल दिवे. त्यायच्या खाली मले मनाली दिसली. सायकल तारेत घुसून आडवी, अन् पोरगी मक्याच्या काठाले बसलेली. दोन्ही हातानं तार धरली होती.

"आई, तू कुठं गेलती?" ती म्हणे. "मी धाडकन पडली. ही तार पाहा ना, निघतच नाई."

ती बोलून राह्यली होती, म्हणजे लाईट नव्हती. अजून नव्हती. तार तिच्या बुटाले अन् पायडलले मिळून गुंडाळली होती. ती जितकी ओढे तितकी आवळे.

खरं सांगते, मी एक पाऊल मागं सरली. माह्या पोटच्या पोरीपासून. शरीर आपोआप मागं गेलं, मी नाई गेली. मंग मले माहीच शरम वाटली अन् मी गुडघ्यावर बसली.

"तार सोड. हात वर कर," मी म्हटलं. "अन् हलू नको."

"काऊन? काय झालं?"

"काही नाई. साप दिसला मले. हलू नको."

खरं सांगतलं असतं तं ती घाबरून धडपडली असती. साप म्हटलं तं दगडासारखी बसली. मी तारेले हात घातला. घालायच्या आधी डोळे मिटून घेतले. काही झालं नाई. थंडगार तार, दवानं ओली. ती पायडलवरून काढता येते का पाह्यलं, नाई आली. पाय बुटातून काढावा म्हटलं तं पळणाऱ्या पोरीचा बूट, दोन दोन गाठी मारलेल्या, त्याही ओल्या. नखं लागेत ना. मी बॅटरी खाली ठेवली अन् वाकून दातानं गाठ धरली. माहं तोंड तारेवर, अन् कान काकाच्या मोटारीच्या खोलीकडं. ती सुरू झाल्याचं ऐकू येणार नव्हतंच, त्याच्या आधीच सगळं झालं असतं. तरी मी ऐकत होती.

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटेना. माह्या हिरडीतून रक्त आलं, त्याची चव लागली. "आई, साप गेला का?" तिनं हळूच विचारलं. मी उत्तर दिलं नाई, माह्या तोंडात नाडी होती.

गाठ सुटली. मी बूट फाकवला अन् पोरीचा पाय ओढला. टाच अडकली, मी अजून ओढला, ती कळवळली. पाय बाहेर आला. मी तिच्या बगलेत हात घातले अन् तिले फरफटत मागं आणलं. ती म्हणे, माही सायकल, माहा बूट. मी तिले हाताले धरून वाटेनं पळवलं, एका पायात बूट, एक पाय उघडा. सडकेवर आल्याशिवाय थांबली नाई.

आम्ही दम घेऊन राह्यलो होतो अन् मोटार सुरू झाली. कोणी चालू केली नाई, त्या वावरात चिटपाखरू नव्हतं. मंग पलीकडच्या वावरातली, मंग त्याच्या पलीकडची, सगळ्या शिवारात मोटारी घुमाले लागल्या. तारेत सायकल होती तिथं गवतात चट चट उजेड झाला. जळक्या रबराचा वास सडकेपर्यंत आला.

मनाली पाहत राह्यली. पोरगी हुशार आहे, तिले सांगायची गरज पडली नाई. ती सडकेवर खाली बसली.

"आई, साप नव्हता."

"नाई."

"तुले माहीत होतं? करंट असते म्हणून?"

"हाव," मी म्हटलं.

घरी आलो तं गोकुळ दारातच उभा होता. पोरीचा उघडा पाय पाह्यला, माह्या ओठावरचं रक्त पाह्यलं. मी त्याले सगळं सांगतलं, एका दमात. मले वाटलं, आता हा पेटन, काठी घेऊन काकाच्या दारात जाईन. मी म्हटलंही, "चला. आत्ताच्या आत्ता चला. पाय धरून नाई, कॉलर धरून विचारू."

तो हलला नाई. ओट्यावर बसला.

"काऊन? भेव वाटते काय मोठ्या माणसाचं?"

"मी कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणे. "आपल्या हरभऱ्याले बी तशीच तार आहे. दिवाळीपासून."

मले आधी समजलंच नाई तो काय म्हणून राह्यला. आमचा हरभरा. तिथं मी रोज तांबडं फुटायच्या आधी ढोरायचा चारा आणाले जाते. कॉलेजले सुटी असली का मनाली माह्या आधी पळत जाते, पळायची सवय व्हावी म्हणून. अंधारातच.

"तुम्ही तं मले म्हटलं होतं, नुसते दिवे बांधले."

"मी पहाटे लाईट गेली का आकडा काढून ठेवतो ना. तू यायच्या आधी. रोज काढतो."

"अन् एखाद्या दिवशी डोळा लागला तं?"

तो उठला, आकडा काढाले कोपऱ्यातला वाळलेला बांबू घेतला अन् चपला घालाले लागला. मी दारात आडवी झाली. म्हटलं, "कुठी चालले? मोटारी ऐकू येऊन नाई राह्यल्या का? आता हात लावसान तं तुम्हीच पडसान तिथं. लाईट जाऊ द्या, मंग मी बी येते संग."

त्यानं बांबू भिंतीले लावला. शेजारी कोणी अंधारात तिकडं जाऊ नये म्हणून त्यानं सगळ्यायले फोन लावले, माह्या तारेत करंट आहे असं प्रत्येकाले स्वतःच्या तोंडानं सांगतलं. शेषराव काकालेही. मंग आम्ही दोघं ओट्यावर बसलो, थंडीत. शिवारातून मोटारीचा आवाज येतच होता. घरात मनाली गोधडीत पडून होती, पण झोपली नव्हती. मधून मधून तिचा आवाज येई.

"बाबा, बंद झाल्या का?"

"नाई बेटा," गोकुळ म्हणे. "अजून नाई."