दक्षिणेला आसाम

ल्हेंदुप दुसऱ्यांदा नापास होऊन भूतानमधल्या बुमथांगला, घरी परतला, तेव्हा सासूबाई बुखारीच्या शेगडीपुढे बसून कुट्टूची धिरडी घालत होत्या.

पहिल्यांदा नापास झाला तेव्हापासून सासूबाई, म्हणजे नामगेबाई, स्वतःच परीक्षक झाल्या होत्या. लेक पेल्डन ऑस्ट्रेलियात, पर्थला. नवऱ्याला तिकडं जायचं तर आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा, आणि तीत हमखास विचारतात, तुमचा देश कसा आहे? बाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. तो आधी इंग्रजीत बोलायचा, मग तेच त्यांना समजावून सांगायचा.

"आमचा देश लहान आणि डोंगराळ आहे. उत्तरेला तिबेट, दक्षिणेला आसाम."

"लहान? थिंफूहून बसनं येताना कंबर धरून बसतोस, तेव्हा नाही वाटत तो लहान!"

"आमच्या सगळ्यात उंच शिखरावर आजवर कोणी चढलेलं नाही. वर देव राहतात."

"हे ठासून सांग. कुणाच्या डोक्यावर पाय देऊन उभं राहायची आपल्यात रीत नाही म्हणावं."

असा महिनाभर अभ्यास झालेला. आणि आता हा दारात, मान खाली घालून.

"नाही जमलं, आई. तोंडातून शब्दच फुटेना."

बाईंनी तवा उतरवला.

"जावईबापू, मला इंग्रजी कळत नाही, पण अडखळलेलं कळतं. महिनाभरात तू एकदाही अडखळला नाहीस. मला वेड्यात काढतोस?"

ल्हेंदुप मटकन खाली बसला. "तुम्हाला कुणाच्या भरवशावर सोडून जाऊ? थंडीत पाणी गोठतं. लाकडं कोण फोडणार?"

"शेजारी काय मेलेत? हे घर माझ्या आईचं, मग माझं, पुढं पेल्डनचं. तू या घरात नांदायला आलास तो तिच्यासाठी. माझ्यासाठी नाही."

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. बाईंनाही ते कळलं, आणि त्यांचा आवाज उतरला.

"अरे, माझी पोर तिथं परक्या म्हाताऱ्यांना घास भरवते आणि घरी येऊन एकटी जेवते. फोनवर हसते, पण आई आहे मी तिची. माझ्यापाशी डोंगर आहेत, गाई आहेत, शेजारपाजार आहे. तिच्यापाशी कोण आहे?"

बाईंनी अंगाला गुंडाळलेल्या, पदर नसलेल्या किऱ्याच्याच टोकानं डोळे पुसले आणि पुन्हा परीक्षकासारख्या ताठ बसल्या.

"चल, बोल. तुझा देश कसा आहे?"

"लहान आहे," तो म्हणाला. "डोंगराळ आहे. उत्तरेला तिबेट..."

आणि पुढची दिशा त्याला खरोखरच आठवेना.

"दक्षिणेला आसाम," बाईंनी सांगितलं, आणि तवा पुन्हा चढवून गार झालेलं धिरडं त्याच्यासाठी त्यावर टाकलं.